सागरतळीचे अस्थिवासी

(गौलीगुडा, हैदराबाद येथे मराठी भाषकांच्या सभेत केलेले भाषण)



गौलीगुड्यात उभे राहून समुद्राविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच आहे. नावाप्रमाणे ही वस्ती मूळची गवळ्यांची. दूध, दही, लोणी यांविषयी अधिकारवाणीने बोलणारे येथे पुष्कळ होऊन गेले असतील. देवमाशाविषयी बोलणारा बहुधा मीच पहिला. परंतु विचार केला तर हे अंतर वाटते तेवढे मोठे नाही. येथून जवळच वाहणारी मुशी नदी नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीपाशी कृष्णेस मिळते, आणि कृष्णा ही तर आमच्या महाबळेश्वरची लेक. ती शेवटी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. शिवाय समुद्र नसलेल्या याच शहरात १९९९ मध्ये भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र स्थापन झाले. समुद्रात मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे याची सूचना कोकणातील मच्छीमारास मिळते, ती मुळात या दख्खनच्या पठारावरून निघते. तेव्हा हैदराबादकरांनी समुद्राची चौकशी केली तर त्यात वावगे काही नाही.

माझे बालपण याच भागात गेले. गौलीगुड्याचे जुने बसस्थानक ज्या प्रचंड पत्र्याच्या छपराखाली होते, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. निजामाच्या काळी विमानांसाठी म्हणून आणलेले ते अर्धगोल छप्पर. आत शिरून वर पाहिले की एकामागून एक लोखंडी कमानी दिसत. आमचे आजोबा माझा हात धरून आत शिरताना म्हणत, “चला, देवमाशाच्या पोटात आलो बरं का.” मी त्या कमानी बरगड्या समजून मोजीत असे. २०१८ च्या जुलै महिन्यात ते छप्पर कोसळले. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. परंतु वर्तमानपत्रातील त्याचे छायाचित्र पाहताना मला आजोबांचे वाक्य आठवले.

खरा देवमासा मी पाहिला तो फार पुढे, नोकरीच्या निमित्ताने रत्नागिरीकडे गेल्यावर. प्रथमच सांगून टाकतो, मी कला शाखेचा पदवीधर आहे. शास्त्र माझे नव्हे. जे शास्त्रज्ञांनी शोधिले ते लोकांपर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर निळ्या देवमाशाचे पिलू वाळूत येऊन अडकले, ही वार्ता आपण वाचली असेल. वन विभागाचे व कांदळवन कक्षाचे कर्मचारी, तटरक्षक दल, पोलीस आणि ग्रामस्थ त्याच्यासाठी झटत होते. अंगाची कातडी वाळू नये म्हणून त्यावर पाणी घालीत होते. अखेर त्यास ओढून खोल पाण्यात सोडण्यात यशही आले. परंतु ते पुन्हा किनाऱ्याकडे परतले आणि मरण पावले. त्यास वाळूतच पुरावे लागले. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्यास सुमारे ४२ फुटी निळा देवमासा असाच लागला होता, आणि २०१६ च्या जानेवारीत मुंबईच्या जुहू चौपाटीवर आणखी एक देवमासा. दोन्ही वेळी शेवट तोच झाला.

गणपतीपुळ्याच्या घटनेनंतर काही दिवसांनी त्याच किनाऱ्यावरील एका लहान गावी मी गेलो होतो. जाळे विणीत बसलेले एक वृद्ध मच्छीमार मला म्हणाले, “साहेब, दर्याचं दर्यालाच द्यायला हवं होतं. इथं खड्ड्यात घालून कुणाच्या उपयोगी?” मी आपला सरकारी शहाणपणा दाखवीत म्हणालो, “काका, खोल पाण्यात तरी कोण बसलंय त्याची वाट बघत?” ते हसले. “ते मला काय ठाऊक? पण दर्यात काही फुकट जात नाही.” त्यांच्या त्या वाक्याने माझी झोप उडविली असे म्हणणार नाही, मात्र मुक्कामी परतल्यावर मी वाचावयास प्रारंभ केला. आज जे सांगणार आहे, ते त्या वाचनातून आलेले आहे.

देवमासा हा मासा नव्हे, हे शिक्षकवर्गास सांगणे नलगे. तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलास दूध पाजणारा प्राणी. तो भर समुद्रात मरतो तेव्हा त्याचे शव बहुधा बुडते. पाणी खोल असेल तर वरच्या दाबामुळे शरीरात वायू साचून ते फुगत नाही, आणि मग ते वर येत नाही; दोन-तीन किलोमीटर खाली, जेथे सूर्याचा किरण कधीच पोहोचत नाही, अशा थंड चिखलावर ते विसावते. तेथील प्राण्यांची उपजीविका एरवी वरून झिरपणाऱ्या कणांवर चाललेली असते. आपल्या गावी कोरडवाहू शेतकऱ्याने वळवाच्या एकेका थेंबाकडे पाहावे, तशी त्यांची स्थिती. अशा ठिकाणी एके दिवशी ४० टनांचे शव येऊन पडते. त्याखालील जमिनीच्या तेवढ्या तुकड्यावर सुमारे २,००० वर्षांत जेवढे अन्न कणाकणाने पडले असते, तेवढे त्या एका दिवशी पडते, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

हे सारे मानवाने प्रथम पाहिले ते १९८७ साली. क्रेग स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाचे पथक ‘ॲल्विन’ या लहान पाणबुडीतून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर १,२४० मीटर खोलीवर गेले असता, त्यांना तळावर एका देवमाशाचा सांगाडा दिसला. सांगाडा म्हणावा, परंतु तो निर्जीव नव्हता. हाडांवर सूक्ष्मजंतूंचे थर होते, शिंपले होते, गोगलगाई होत्या. आधी मोठे मांसभक्षक मासे येतात आणि मांस संपवितात. मग लहान प्राण्यांच्या झुंडी येतात. आणि शेवटी हाडांत साठलेल्या तेलावर जगणारे सूक्ष्मजंतू व त्यांच्या आश्रयाने राहणारे जीव तेथे कित्येक दशके नांदतात. एका मेलेल्या देवमाशाभोवती वसलेले हे एक गावच म्हणावयाचे.

त्या गावातील सर्वांत विलक्षण रहिवाशाचा पत्ता मात्र आणखी पंधरा वर्षांनी लागला. फेब्रुवारी २००२ मध्ये कॅलिफोर्नियातीलच माँटेरे उपसागरात रॉबर्ट व्ह्रायेनहूक आणि त्यांचे सहकारी दूरनियंत्रित यंत्राच्या साह्याने तळावरील शिंपल्यांचा शोध घेत होते. शोधीत होते एक आणि सापडले दुसरे, असे शास्त्राच्या इतिहासात वारंवार घडते. २,८९१ मीटर खोलीवर, म्हणजे आपले कळसूबाईचे शिखर पावणेदोन वेळा एकावर एक ठेवावे तेवढ्या खोलीवर, त्यांना एका करड्या देवमाशाचा सांगाडा दिसला, आणि त्याची हाडे लाल गालिचा अंथरल्यासारखी दिसत होती. जवळून पाहता तो गालिचा म्हणजे हजारो कृमी होते. २००४ साली ग्रेग राउस, शाना गोफ्रेडी आणि व्ह्रायेनहूक यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले व त्यांस ‘ओसेडॅक्स’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘हाडे खाणारा’. आपण त्यास अस्थिभक्षक कृमी म्हणू.

आता या कृमीची रचना पाहा. आपल्या शेतातील गांडूळ ज्या वलयी प्राण्यांच्या संघात मोडते, त्याच संघातील हा प्राणी. नात्याने गांडुळाचा दूरचा भाऊबंद. मोठ्यात मोठी मादी साधारण बोटाच्या लांबीची असते. तिच्या अंगावर लाल पिसांचा तुरा असतो. तो तिचा कल्ला, त्याने ती पाण्यातील प्राणवायू घेते. लाल रंग रक्ताचा. खाली पातळ चिकट नळीत तिचे धड. आणि नवल असे की तिला तोंड नाही, पोट नाही, आतडेही नाही! मग ही हाडे खाते कशी?

आपल्या जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळाचे रोप उगवते ते आठवा. वरून इवलेसे रोप, आणि आत मुळे दगड-चुना फोडीत चाललेली. तसेच हे आहे. मादीच्या शरीराचा खालचा भाग हिरवट मुळांसारखा फुटतो आणि हाडात पसरत जातो. त्या मुळांतून आम्ल स्रवते, आणि आम्लाने हाडातील कठीण खनिज विरघळते. आत जे चिवट प्रथिन उरते ते व हाडातील स्निग्धांश यांवर तिचा निर्वाह चालतो, आणि या कामी मुळांच्या आत राहणारे सूक्ष्मजंतू तिचे साह्य करतात. शिक्षक मित्रांना वर्गात हे सहज दाखविता येईल. कोंबडीचे एक स्वच्छ केलेले हाड शिरक्यात बुडवून चार-सहा दिवस ठेवावे. मधून एकदा शिरका बदलावा. खनिज निघून गेल्यावर ते हाड रबरासारखे वाकते. शिरक्यातील आम्ल जे काम बाटलीत करते, तेच काम तो कृमी समुद्रतळावर आपल्या मुळांनी करीत असतो.

प्रारंभी शास्त्रज्ञांनी कृमी तपासले तेव्हा सर्व माद्याच आढळल्या. नर कोठे आहेत? सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर उलगडा झाला. मादीच्या नळीत डोळ्यांना न दिसणारे नर राहत होते. एकेका मादीपाशी शंभराहून अधिकही. ते कधी मोठे होतच नाहीत. अंड्यातून मिळालेल्या बलकावर त्यांचा जन्म निभावतो, आणि बीजदान हेच त्यांचे आयुष्यातील एकमेव काम. पाण्यात वाहणारी अळी उघड्या हाडावर पडली तर मादी होते आणि आधीच बसलेल्या मादीवर पडली तर नर, असे शास्त्रज्ञ मानतात. (सभेतील भगिनी हसत आहेत, त्यांचा निष्कर्ष मी ओळखला आहे.) अर्थात नियमास अपवाद निघालाच. पुढे एका जातीत नरही मादीएवढे मोठे आढळले.

त्यानंतर शोध लागत गेले. स्वीडनच्या किनाऱ्याजवळ केवळ १२५ मीटर खोलीवर मिळालेल्या एका जातीचे वर्णन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या चिकट अंगावरून ठेवलेल्या लॅटिन नावाचा अर्थ सभ्य मराठीत ‘श्लेष्मपुष्प’ असा सांगता येईल. असभ्य मराठीत मुलांना अधिक लवकर समजेल. शास्त्रज्ञांनी गुराढोरांची हाडे मुद्दाम समुद्रतळावर ठेवून पाहिली. तीही या कृमींनी सोडली नाहीत. माशांच्या हाडांवरही ते वाढले. इंग्लंडमध्ये सापडलेल्या, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या एका सागरी सरीसृपाच्या अश्मीभूत हाडात याच कृमींनी पाडलेली छिद्रे ओळखता आली. त्या काळी देवमासे पृथ्वीवर जन्मालाही आले नव्हते. म्हणजे हे कुळ देवमाशांहून कितीतरी जुने.

आपल्या पुराणात दधीची ऋषींनी देवकार्यासाठी स्वतःच्या अस्थी दिल्याची कथा आहे. इकडे वलसाडजवळ मगोद डुंगरी या गावी मच्छीमारांनी मत्स्यमातेचे मंदिर बांधले असून तेथे देवमाशाची हाडे पुजली जातात. हाड म्हणजे टाकाऊ वस्तू नव्हे, ही समज आपल्याकडे नवी नाही. खेड्यापाड्यांतून गोळा केलेली जनावरांची हाडे गिरणीत दळून खत म्हणून शेतात परत येतात, हे आपण जाणताच. समुद्रतळी हेच काम गिरणीवाचून होते.

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो. दर्याचे दर्याला का देऊ नये? याचे उदाहरण जपानात आहे. २००२ च्या जानेवारीत कागोशिमा प्रांताच्या किनाऱ्यावर दातवाल्या मोठ्या देवमाशांचा, म्हणजे स्पर्म व्हेलचा, एक कळपच येऊन अडकला. त्यांतील १२ शवे जहाजाने नेऊन नोमा भूशिराच्या बाजूस २०० ते ३०० मीटर खोलीवर बुडविण्यात आली. पुढील काही वर्षे शास्त्रज्ञ तेथे नियमाने उतरत राहिले, आणि त्या हाडांवर त्यांना अस्थिभक्षक कृमींची नवी जात मिळाली. २००६ साली तिला जपानचेच नाव देण्यात आले.

परंतु कोकणात ते इतके सोपे नाही, आणि हे मला सांगितलेच पाहिजे. नाही तर उद्या एखादे गाव आपणहून मृत देवमाशास दोर बांधावयाचे. आपला किनारा दूरवर उथळ आहे. रत्नागिरीसमोर २०० मीटर खोली गाठावयाची तर शंभरावर किलोमीटर आत जावे लागते. किनाऱ्यास लागलेले शव उन्हाने व वायूने फुगलेले असते. ते बुडत नाही, तरंगते, आणि भरतीबरोबर पुन्हा कोणाच्या तरी दारी येते. वाटेत रात्रीच्या होडीस त्याची धडक बसली तर अनर्थ. म्हणून बहुतेक वेळी अधिकाऱ्यांना वाळूत खोल खड्डा घेऊन पुरण्याचाच निर्णय घ्यावा लागतो. माझ्या मते तो निरुपायाचा निर्णय आहे. तोच उत्तम आहे असे मात्र मानू नये. जपानने केले ते एकदा तरी आपल्याकडे विचारपूर्वक करून पाहण्याजोगे आहे. त्यास मोठे जहाज, वजने आणि शास्त्रज्ञांचे पथक लागेल, आणि गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तर १९६६ पासून आहे.

तोवर गावकऱ्यांच्या हाती काय आहे, ते थोडक्यात सांगतो. देवमासा जिवंत वा मृत दिसल्यास वन विभागास व पोलीस पाटलास त्वरित कळवावे. जिवंत असल्यास अंगावर पाणी घालावे, परंतु डोक्यावरील श्वासाच्या छिद्रात पाणी वा वाळू जाऊ देऊ नये. शेपटीस दोर बांधून ओढू नये, सांधे निखळतात. त्याची हाडे, दात, आणि बाजारात ज्यास ‘देवमाशाची उलटी’ म्हणतात तो अंबर, हे काहीही घरी नेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये देवमासे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या अवयवांच्या व्यापारास तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. कोट्यवधींची भूल दाखविणारे दलाल किनाऱ्यावर फिरतात, आणि तुरुंगात जातो तो बहुधा गावातलाच एखादा तरुण. उलट, जाळ्यात संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्यास सोडून दिले, तर फाटलेल्या जाळ्याची भरपाई कमाल २५,००० रुपयांपर्यंत देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या डिसेंबरात काढली. जाळे कापतानाचे छायाचित्र मात्र काढून ठेवावे. आमच्या कचेऱ्यांना पुरावा लागतो.

मागील वर्षी मी पुन्हा त्या गावी गेलो. काका तेथेच, तसेच जाळे विणीत होते. लाल तुऱ्याच्या त्या कृमीचे चित्र मी त्यांस दाखविले, आणि आपले म्हणणे खरे होते असे कबूल केले. त्यांनी चित्र दूर धरून बराच वेळ पाहिले. मग विचारले, “मग आता ते काय खातात? देवमासे तर पूर्वीसारखे दिसत नाहीत.”

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. विसाव्या शतकात जगभर सुमारे २९ लाख मोठे देवमासे मारले गेले. त्यांची शवे तळाशी गेली नाहीत. कारखाना-जहाजांवर चरबीचे आणि हाडांचेही तेल निघाले. समुद्रतळावरील त्या गावांना जे अन्न जावयाचे, ते साबणात आणि दिव्यांत गेले. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयक्षेत्र ठरविला, आणि १९८२ मध्ये व्यापारी शिकारीवर सर्वत्र बंदी घालण्याचा ठराव केला. परंतु त्यापूर्वी आपल्या या अरबी समुद्रातच एक गोष्ट घडून गेली होती. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर कुबड्या देवमाशांची शिकार केली; सुमारे २४० देवमासे मारले. ती बेकायदा होती, म्हणून आकडे दडविले गेले आणि १९९० नंतरच उघडकीस आले. अरबी समुद्रातील कुबड्या देवमासे इतरांप्रमाणे दूर स्थलांतर करीत नाहीत. ते वर्षभर येथलेच रहिवासी. ओमानच्या किनाऱ्याजवळ आज त्यांची संख्या शंभराच्या आत असावी, असा अंदाज आहे.

हे मी काकांना सांगितले. १९६६ साली ते पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि वडिलांच्या होडीवर याच समुद्रात जात होते. त्यांनी जाळे मांडीवरून खाली ठेवले.

“इतकी वर्षं दर्यावर होतो,” ते म्हणाले, “आम्हाला कुणी सांगितलं नाही.”